सेल पुढे, सुगी मागे

२०२४ साली सर्वपित्री अमावास्या २ ऑक्टोबरला होती. ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टचे सणासुदीचे सेल मात्र २७ सप्टेंबरलाच सुरू झाले होते. सभासदत्वाचे पैसे भरलेल्यांना तर आदल्या दिवशीच आत सोडलं होतं. घरात आजोबांच्या तिथीसाठी खीर-वडे होत होते, पान घेऊन कुणीतरी गच्चीवर कावळ्याची वाट बघत होतं, आणि त्याच घरातल्या फोनवर पणत्यांच्या ओळी पेटल्या होत्या. लक्ष्मीपूजन होतं १ नोव्हेंबरला, म्हणजे पस्तीस दिवस बाकी होते.

‘अहो, अजून गणपतीची मखरं माळ्यावर गेली नाहीत आणि यांची दिवाळी सुरू,’ ही कुरकुर आता घरोघरी ऐकू येते. ती म्हातारपणाची कुरकुर आहे असं तरुण म्हणतात. पण तारखा मांडून पाहिल्या तर कुरकुर करणाऱ्यांच्या बाजूने पुरावा बराच निघतो.

फ्लिपकार्टचा पहिला ‘बिग बिलियन डे’ ६ ऑक्टोबर २०१४ला झाला. त्या वर्षी दसरा ३ ऑक्टोबरला होता, दिवाळी २३ला. पहिला मोठा ऑनलाइन सेल दसऱ्यानंतर आला होता आणि लक्ष्मीपूजनाला सतरा दिवस राहिले होते. (त्या दिवशी संकेतस्थळ कोलमडलं, मागण्या रद्द झाल्या आणि कंपनीच्या संस्थापकांना ग्राहकांची पत्राने माफी मागावी लागली, हा भाग वेगळा.) पुढच्याच वर्षी सेल घटस्थापनेवर आला: १३ ऑक्टोबर २०१५. नंतरची पाच वर्षं तो त्याच दिवसाच्या आगेमागे एखाद-दुसऱ्या दिवसाने फिरत राहिला. २०१८ आणि २०१९ला तर बरोबर घटस्थापनेलाच. मग २०२१ उजाडलं. सेल ३ ऑक्टोबरला, सर्वपित्री ६ला. २०२२: सेल २३ सप्टेंबरला, सर्वपित्री २५ला. २०२३: सेल ८ ऑक्टोबरला, सर्वपित्री १४ला. २०२४चं वर सांगितलंच. सलग चार वर्षं देशातला सगळ्यात मोठा खरेदीचा उत्सव पितृपक्षात सुरू झाला.

पितृपक्षात खरेदी करावी की नाही, हा शास्त्रार्थ मला करायचा नाही. ‘पितर खाली येतात, तेव्हा घरात नवी वस्तू आली तर त्यांना आनंदच होईल’ असं म्हणणारेही भेटतात आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. मला त्या पंधरवड्याने बाजारात बजावलेलं काम महत्त्वाचं वाटतं. अनंत चतुर्दशीला गणपती गेले की सराफाच्या पेढीवर शुकशुकाट व्हायचा, गाडीच्या शोरूममध्ये चावी द्यायला आणि घ्यायला कुणी राजी नसायचं, कापडवाला गठ्ठे सोडून, माल लावून, जुनी उधारी वसूल करत बसायचा. ज्याला विकायची घाई होती त्यालाही गिऱ्हाईक मिळत नव्हतं, त्यामुळे शेजारच्या दुकानदाराच्या पुढे पळण्यात काही फायदा नव्हता. सगळे एका रेषेवर उभे आणि घट बसले की सगळे एकदम सुटणार. कुणी कायदा केला नव्हता, कुठल्या व्यापारी संघटनेने ठराव केला नव्हता. तरी हा पंधरवडा बाजाराला लगाम घालत होता.

हा लगाम का लागतो, ते अमेरिकेच्या एका गोष्टीवरून चांगलं कळतं. तिथेही नाताळच्या खरेदीला अशीच एक अलिखित रेषा होती: नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी येणारा थँक्सगिव्हिंगचा सण. त्याआधी नाताळच्या जाहिराती करणं वाईट दिसायचं. १९३९ साली नोव्हेंबरमध्ये पाच गुरुवार आले आणि सण ३० तारखेला पडत होता. मंदीतून नुकते सावरणारे दुकानदार घाबरले. खरेदीला जेमतेम साडेतीन आठवडे मिळणार होते. दुकानदारांना सण होण्याची वाट न बघता सवलती जाहीर करता आल्या असत्या, पण पहिला कोण होणार? पहिला होणाऱ्याची बदनामी, आणि मागे राहणाऱ्याचं नुकसान. त्यांनी थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे सणच आठवडाभर अलीकडे आणायची मागणी केली आणि रूझवेल्टनी ती मान्य केली. तारीख झाली २३ नोव्हेंबर. सुमारे निम्म्या राज्यांनी नवी तारीख पाळली, बाकीच्यांनी जुनी, आणि काहींनी दोन्ही दिवस सुटी दिली. शाळांची वेळापत्रकं, फुटबॉलचे सामने, छापून झालेली कॅलेंडरं, सगळ्याचा विचका झाला. लोकांनी रूझवेल्ट यांचं पहिलं नाव फ्रँकलिन या सणाला जोडून ‘फ्रँक्सगिव्हिंग’ अशी टिंगल केली. शेवटी १९४१च्या डिसेंबरमध्ये कायदा झाला: नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, कायमचा.

दुकानदाराला लवकर सुरुवात करण्याची हौस असतेच असं नाही. माल आधी भरायचा म्हणजे पैसा आधी अडकतो, माणसं आधी ठेवायची, जागा आधी अडवायची. पण गिऱ्हाइकाच्या खिशात सणासाठी ठरलेली रक्कम एकच असते. ती दुसऱ्याने आधी काढून घेतली तर आपल्या वाट्याला नमस्कार येतो. म्हणून प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा दोन दिवस आधी सुरू करतो, पुढच्या वर्षी शेजारी चार दिवस आधी. फ्लिपकार्ट आणि ॲमेझॉनच्या तारखा दर वर्षी एकमेकींना चिकटून येतात, त्यामागे हेच आहे.

याला एक दुसरी बाजू आहे आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ‘खरेदी लवकर उरका’ अशी मोहीम निघाली होती, आणि ती काढली होती कामगारांची बाजू घेणाऱ्या फ्लॉरेन्स केली आणि त्यांच्या ग्राहक संघाने. नाताळच्या आदल्या आठवड्यात दुकानांतल्या मुली मध्यरात्रीपर्यंत उभ्या असत, सामान पोचवणारी लहान पोरं बर्फात धावत. गिऱ्हाइकांनी डिसेंबरच्या सुरुवातीलाच खरेदी केली तर या जिवांवरचा ताण कमी होईल, असा तो विचार होता. आजही पार्सलांचा पूर एका आठवड्यात आला तर गोदामं आणि गाड्या तुंबतील. २०२५च्या हंगामासाठी फ्लिपकार्टने २.२ लाख आणि ॲमेझॉनने दीड लाख हंगामी कामं जाहीर केली होती. एवढ्या माणसांचं काम महिनाभर पसरलं तर ते बरंच. परदेशातल्या लेकी-सुनांना फराळ पाठवणारी घरंही दिवाळीच्या महिनाभर आधी चकल्या तळतात, कारण विमानाला आणि कस्टमला तिथी कळत नाही. तेव्हा लवकर म्हणजे वाईटच, असं सरसकट म्हणता येत नाही.

मग वैताग नेमका कशाचा येतो?

काय लवकर येऊ शकतं आणि काय येऊ शकत नाही, हे बघितलं की उत्तराच्या जवळ जाता येतं. प्लास्टिकचा आकाशकंदील जुलैतही येऊ शकतो. एलईडीच्या माळा, फोन, टीव्ही, पॉलिस्टरचे कुडते वर्षभर डब्यात राहतात. पण झेंडू येऊ शकत नाही. तो तोडला की दोन-तीन दिवसांचा सोबती. कुंभाराची पणती भाद्रपदात येऊ शकत नाही, कारण पाऊस चालू असताना माती वाळत नाही आणि ओली पणती भट्टीत तडकते. पोरांचा किल्ला लवकर होत नाही. अनारशाचं तर वेळापत्रकच ठरलेलं आहे: तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवायचे, दळून गूळ घालून पीठ मुरत ठेवायचं. नवी ज्वारी, नवा कापूस, नवं सोयाबीन यांतलं काहीही कुणाच्या जाहिरातीने पंधरा दिवस आधी पिकत नाही. सणातल्या ज्या गोष्टी शेताशी आणि हाताशी बांधलेल्या आहेत त्या आपल्या वेळेवर येतात, कारखान्यातल्या गोष्टी पुढे पळतात. दिवाळी येईपर्यंत कारखान्यातल्या वस्तूंची नवलाई संपलेली असते आणि त्यांच्यासाठी ठेवलेला पैसाही. कुंभार आणि झेंडूवाला पोचतात तेव्हा खिसा रिकामा. दोन डझन पणत्यांवर पाच रुपयांची घासाघीस होते, ती इथे.

शहरात हा विषय इथपर्यंत येऊन थांबतो. बीड जिल्ह्यात तो इथून सुरू होतो.

तेलगाव हे धारूर तालुक्यातलं चौकाचं गाव. बीडहून वडवणीमार्गे परळीकडे जाणारा रस्ता आणि माजलगावहून घाट चढून धारूरकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री राहिलेल्या सुंदरराव सोळंके यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना इथेच आहे. माजलगाव धरणाच्या पाण्यावरचा ऊस एका अंगाला आणि बालाघाटच्या उताराची कोरडवाहू रानं दुसऱ्या अंगाला. अशा गावात पैसा पगारासारखा एक तारखेला येत नाही. तो पिकाबरोबर येतो आणि पिकाचं स्वतःचं पंचांग असतं.

सोयाबीन घ्या. मृगाच्या पावसावर, जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरणी. शंभर दिवसांच्या आसपास पीक उभं. म्हणजे काढणी सप्टेंबरच्या शेवटी सुरू होऊन ऑक्टोबरभर चालते. सेल २३ किंवा २७ सप्टेंबरला सुरू होतो तेव्हा शेंग बहुधा झाडावर असते. काढलं तरी प्रश्न मिटत नाही. हमीभावाने खरेदी करणाऱ्या केंद्रावर सोयाबीनमध्ये ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. परतीच्या पावसात भिजलेल्या दाण्यात तो त्याहून पुष्कळ जास्त असतो. ऊन देऊन वाळवायला दिवस लागतात, नोंदणीला दिवस लागतात, पैसे खात्यावर यायला आणखी दिवस लागतात. ज्याला दिवाळीच्या आत रोकड हवी तो गावातल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर ओलं सोयाबीन नेतो. तिथे ओलाव्याची, मातीची, डागी दाण्याची कपात होते आणि हमीभावाच्या बरंच खाली पट्टी निघते. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता.

म्हणजे घरात सण जितका आधी शिरतो, तितकं सोयाबीन ओलं विकलं जातं. हे कुठल्या सेलच्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं. पोरगं फोनवर घड्याळ उलटं मोजणारी जाहिरात दाखवतं, ‘ऑफर रात्री बारापर्यंतच’, आणि बाप मनातल्या मनात किती पोती मोकळी करता येतील याचा हिशोब करतो. कपाशीचंही तेच. पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास, आणि दर चांगला लागायला थांबावं लागतं. पूर्वी दुकानदाराची दिवाळी वेचणीनंतर रंगात यायची, कारण गिऱ्हाइकाकडे पैसा तेव्हाच यायचा, हे त्याला पक्कं माहीत होतं. गावचा कापडवाला आणि गावचा शेतकरी एकाच पावसाकडे डोळे लावून बसलेले असायचे. ज्याचं गोदाम भिवंडीला आणि मुख्यालय बंगळुरूला, त्याला तेलगावच्या रानात वाफसा आहे की चिखल, याच्याशी काय देणंघेणं?

२०२५मध्ये हे अगदी उघडं पडलं. २३ सप्टेंबरला दोन्ही मोठे सेल सुरू झाले. त्याच आठवड्यात मराठवाड्यात अतिवृष्टीने नद्या पात्र सोडून वाहत होत्या. बीड जिल्ह्यात सिंदफणेच्या काठची रानं पाण्याखाली गेली, उभं सोयाबीन शेतातच कुजलं, माती खरवडून गेली. राज्य सरकारने ३१,६२८ कोटींची मदत जाहीर केली ती ७ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन २१ला होतं. चौदा दिवसांत पंचनामे, याद्या, खात्यावर पैसे. ज्यांना सरकारी कामाचा वेग माहीत आहे त्यांनी त्या दिवाळीचा अंदाज करावा.

पैसा मागे आणि सेल पुढे, या मधल्या फटीत कर्ज शिरतं. इथे थोडं थांबून ‘नो कॉस्ट ईएमआय’ या प्रकाराकडे बघू, कारण तो नीट समजावून सांगणारा माणूस दुकानात सहसा सापडत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याज प्रक्रिया शुल्कात लपवून शून्य टक्क्यांच्या योजना विकू नका. त्यानंतर नाव बदललं आणि हिशोबाची मांडणीही. आता बँक तिचं व्याज लावतेच. विकणारा त्या व्याजाएवढी सूट किमतीत आधी देतो, म्हणजे बेरीज मूळ किमतीएवढीच दिसते. समजा बारा हजारांचा फोन सहा हप्त्यांत घेतला आणि दर साल पंधरा टक्के धरला. दोन हजारांचे सहा हप्ते, बारा हजार, बरोबर. त्यातले साधारण ५०८ रुपये व्याजाचे. पण हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो सुमारे ९१ रुपये, आणि तो गिऱ्हाइकाच्या माथी. शिवाय बँकेचं प्रक्रिया शुल्क, त्यावर पुन्हा जीएसटी. आणि जी सूट रोखीने घेणाऱ्याला मिळाली असती ती हप्तेवाल्याला मिळत नाहीच. हे नुकसान फार मोठं नाही. पगारदाराचं त्याने काही बिघडत नाही. पण हप्ता महिन्याच्या ठरावीक तारखेला येतो आणि सोयाबीन तसं येत नाही. एक हप्ता चुकला की दंड आणि व्याज यांचा मीटर चालू होतो, आणि पुढच्या वेळी बियाण्यासाठी बँकेत गेल्यावर तोच चुकलेला हप्ता संगणकावर आधी दिसतो.

आता ऊसतोड.

बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा आहे. पावसाळ्यात टोळी जमवणारा मुकादम आगाऊ रक्कम, म्हणजे उचल देतो. ती एकदम मिळत नाही, थोडी थोडी सुटते आणि शाळा, आजारपण, मागचं देणं, लग्नाचं उरलेलं यांत विरते. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा झाला की टोळ्यांची बांधाबांध सुरू होते. या दिवसांत इथल्या बाजारात आकाशकंदिलांच्या शेजारी ताडपत्र्या लटकतात. कोयते, दोऱ्या, पाण्याचे कॅन, घोंगड्या, भांडी, पाच महिन्यांचा किराणा, कोप उभारायचं साहित्य. ज्यांना सणाच्या आधीच निघायचं आहे त्यांची दिवाळीची खरेदी हीच. लवकर सुरू झालेल्या हंगामाचा वैताग खरा कुणाला यायला हवा, तर यांना. फक्त तो हंगाम सेलचा नाही, गाळपाचा आहे.

गाळप कधी सुरू करायचं हे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची मंत्री समिती ठरवते. २०२१मध्ये तारीख ठरली १५ ऑक्टोबर. त्या दिवशी दसरा होता. लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला, म्हणजे अख्खी दिवाळी फडात. २०२२ला पुन्हा १५ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन २४ला. २०२३ला १ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन १२ला. सलग तीन वर्षं टोळ्यांनी घर सोडलं तेव्हा घरासमोर पणती लागायची होती. सांगली-कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडावर, कोपीच्या तोंडाशी, पहाटे तीनला उठून तोडणीला जाणाऱ्या बाईने अभ्यंगस्नान कधी करायचं? गावात मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी आणि नातवंडांनी ओवाळायचं कुणाला?

इतकी घाई का, याचं उत्तर पुन्हा त्या शर्यतीतच आहे. ऑक्टोबरमधल्या उसात साखर कमी असते. थंडी पडली की रसातली साखर वाढते आणि उतारा चढतो. शेतकऱ्याचा दरही उताऱ्यावर ठरतो. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये असा दर केंद्राने ठरवला. म्हणजे लवकर गाळप करणं ना कारखान्याच्या सोयीचं, ना शेतकऱ्याच्या. तरी प्रत्येक कारखान्याला आधी सुरू करायचं असतं, कारण आपण थांबलो तर शेजारचा कारखाना आपला ऊस नेईल, आणि महाराष्ट्र थांबला तर कर्नाटकातले कारखाने सीमेवरचा ऊस आणि टोळ्या दोन्ही नेतील. १९३९च्या अमेरिकन दुकानदारांनी हेच म्हटलं होतं, फक्त उसाऐवजी गिऱ्हाईक. महाराष्ट्राने यावर उपायही तोच केला. १९८४च्या आदेशाने गाळप परवान्याशिवाय सुरू करता येत नाही, तारीख सगळ्यांना एक, आणि आधी बॉयलर पेटवून ऊस तोडणाऱ्यावर कारवाई. शर्यत थांबवण्यासाठी एक रेषा आखून ठेवलेली आहे. प्रश्न ती रेषा कुठे आखायची एवढाच उरतो.

लवकर गाळपाची मागणी करणारे शेतकरीही आहेत, आणि त्यांना खोटं ठरवता येणार नाही. २०२१-२२ला विक्रमी ऊस झाला, गाळप जूनपर्यंत लांबलं, आणि बीड-जालन्याकडे उभ्या उसाला तोड मिळेना म्हणून लोकांनी फडच पेटवून दिले. पुढच्या वर्षीही १५ ऑक्टोबरचीच तारीख राहिली ती त्या धसक्याने. उसाचं क्षेत्र जास्त असेल त्या वर्षी अडचण खरी आहे. पण दर वर्षी ती नसते. २०२४ला तारीख १५ नोव्हेंबर होती आणि २०२५ला १ नोव्हेंबर. दोन्ही वेळा भाऊबीज होऊन गेली होती.

तारीख ठरवता येते, एवढंच नव्हे तर ती पंचांग बघून ठरवता येते, याचा सगळ्यात मोठा पुरावा २०२५नेच दिला. जीएसटी कमी करण्याची घोषणा पंतप्रधानांनी १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून केली. परिषदेने निर्णय घेतला ३ सप्टेंबरला. नवे दर लागू झाले २२ सप्टेंबरला, आणि त्या दिवशी घटस्थापना होती. दुचाकी, छोट्या गाड्या, मोठे टीव्ही, एसी यांच्यावरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला (दुचाकींत ३५० सीसीपर्यंतच्या). घोषणा ते अंमल या पाच आठवड्यांत शोरूम ओस पडले, कारण गिऱ्हाईक दर कमी व्हायची वाट बघत होतं. मग सेलवाल्यांनीही मुकाट्याने २३ तारीख धरली. पाच वर्षांत पहिल्यांदा पितृपक्ष मोकळा राहिला, आणि तो कुणाच्या श्रद्धेने नव्हे, कराच्या तारखेने. तरीही सेलचा एक पैसाही धंदा बुडाला नाही, उलट तो जोरात झाला.

ऑनलाइन सेलला कायद्याने तारीख बांधून द्यावी असं मी म्हणणार नाही. ते होणारही नाही. घरातल्या घरात मात्र पुष्कळ करता येतं. सेल सुरू होतो त्या दिवशीची किंमत अनेक वस्तूंवर दिवाळीच्या पाडव्यापर्यंत आगेमागे परत येते, कारण त्याच कंपन्या दिवाळीच्या आठवड्यात दुसरा आणि तिसरा सेल लावतात. तेव्हा सोयाबीन वाळू द्या. ओलावा मोजून घ्या, हमीभाव केंद्रावर नोंदणी करा, मगच विका. हप्त्यावर काही घेणार असाल तर व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क किती, हे दुकानदाराकडून लिहून मागा. त्याने आढेवेढे घेतले तर उत्तर मिळालं असं समजा. आणि पणत्या, झेंडू, रांगोळी यांचे पैसे आधीच वेगळे काढून ठेवा, फोन नंतर.

गाळपाची तारीख मात्र सरकारच्या हातात आहे आणि तिथे मागणी करायलाच हवी. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे सगळे सण पुढे गेले आहेत: घटस्थापना ११ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. त्या वर्षी पुन्हा १ नोव्हेंबर हीच तारीख ठेवली तर दिवाळी सरळ फडात जाते. गाळप भाऊबीजेनंतरच सुरू होईल, अशी एक ओळ मंत्री समितीने कायमची लिहून टाकावी. ऊस जास्त असेल त्या वर्षी शेवटाकडे दिवस वाढवावेत, यंत्रं जास्त लावावीत, पण टोळ्या दिवाळी करूनच निघाव्यात.